अठ्ठेचाळीस दिवसांची फेरी

प्रिय टाचणे,

पाकीट हातात आल्यावर तुला वाटेल, कुणीतरी उशी पाठवली. उशी नाही, पत्रच आहे. ब्रेलमध्ये मनातलं सगळं लिहायला घेतलं की असंच होतं, चार ओळींना एक पान जातं, आणि मी कधी चार ओळींत आटोपलेय? फोन करता आला असता. पण तुमच्याकडचा फोन बाहेरच्या खोलीत, वहिनींच्या कानाशी, आणि माझा आवाज ऐकला की तू 'हं, हं' करून ठेवून देतेस, हे तीनदा झालंय. शिवाय ही लिपी तुमच्या घरात तुझ्याखेरीज कुणाला येत नाही, तेव्हा मला काहीही लिहायची मुभा आहे. म्हणून कालपासून जुनी पाटी आणि स्टायलस घेऊन बसलेय. उजवीकडून डावीकडे टोचत जायचं आणि कागद उलटून वाचायचं, हे बोटं विसरलेली नाहीत, पण तळहाताला मात्र फोड आलाय.

आज तीन तारीख. दुपारचे सव्वादोन वाजलेत. तू आत्ता नुकतीच झोपली असशील आणि रात्री दहाच्या सुमाराला, तुमच्याकडे दिवे मालवायची वेळ झाली की टक्क जागी होशील. पत्र पोस्टानं सात तारखेपर्यंत पोचेल. तोवर तू दुपारी चारला झोपून रात्री बाराला उठत असशील. म्हणजे या ओळी तू मध्यरात्री पांघरुणात वाचते आहेस, पोटावर कागद ठेवून, वसतिगृहात आपण वाचायचो तशी. मी ज्योतिष शिकलेली नाही. हे सगळं मला कसं कळलं ते सांगते, पण सुरुवातीपासून सांगू दे. मध्ये पानं उडवू नकोस, तुला ती सवय आहे.

दोन महिन्यांपूर्वी माझा उजवा डोळा दुखायला लागला. तुझे दुखायचे तसाच, आतून ठसठस, आणि पाणी. जन्मापासून ज्याचा काडीचा उपयोग नाही तो डोळा वर दुखायलाही लागतो, म्हणजे काम ना धाम आणि पगारवाढ मागतोय, असं मी आपल्या ब्रेल छापखान्यातल्या वाचक काकांना म्हटलंसुद्धा. काका अजून आहेत हं. अजून मूळ पुस्तक हातात धरून त्याच एकसुरी आवाजात स्वल्पविरामासकट वाचतात आणि मी प्रुफावरून बोट फिरवते. तुझ्या खुर्चीवर आता कुणी बसत नाही. म्हणजे बसवतात, पण टिकत नाही. तर मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले आणि सरळ म्हटलं, काढून टाका दोन्ही, काचेचे छान बसवा, कटकट नको.

डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले. मग त्यांनी मला एक विचित्र प्रश्न विचारला. झोप कशी लागते? मी म्हटलं, डोळ्याचं विचारा की हो. तर म्हणे, डोळ्याचंच विचारतोय. मी सांगितलं, रात्री दहाला आडवी होते, पहाटे पाचला भोंग्यासारखी उठते, लहानपणापासून. वसतिगृहात माझं नावच भोंगा होतं. त्यावर ते म्हणाले, मग मी आज काहीच काढणार नाही, आधी वरच्या मजल्यावर जाऊन या. वरच्या मजल्यावर झोपेच्या डॉक्टरीणबाई बसतात. आवाजावरून माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. चप्पल वाजवत चालतात आणि बोलताना मध्येच हसतात. मला त्या पहिल्या भेटीतच आवडल्या.

त्यांनी मला दोन रात्री तिथे ठेवून घेतलं. आरामखुर्ची, दंडाला एक बारीक नळी, आणि दर अर्ध्या तासानं सिस्टर येऊन थोडं रक्त काढून घेणार. एका रात्री खोलीत पूर्ण अंधार. दुसऱ्या रात्री मधले दोन तास माझ्या तोंडासमोर मोठा दिवा, पण तो कधी लावणार ते मला सांगणार नाहीत. मी सिस्टरशी पैज मारली की मी ओळखून दाखवेन. म्हटलं, गालाला ऊब लागेल, कुठेतरी कट्ट वाजेल, आम्ही काय असेच जगलो? दिवा गार होता, बाई. कट्ट वाजलं ते चहाच्या यंत्राचं. मी छातीठोकपणे 'लागला, लागला' म्हणून ओरडले तेव्हा खोलीत काळोख होता, आणि खरा दिवा दोन तास माझ्या डोळ्यांत जळत होता तेव्हा मी सिस्टरला तिच्या सासूबद्दल सल्ला देत होते. पैज हरले.

पण माझं रक्त हरलं नाही. डॉक्टरीणबाईंनी चार दिवसांनी आकडे वाचून दाखवले. त्यांनी समजावलं ते असं: अंधार पडला की शरीर एक द्रव्य तयार करायला लागतं, मेलाटोनिन. रात्र झाली, आता आवरा, एवढाच निरोप ते सगळ्या अंगाला पोचवतं. अंधाराच्या रात्री माझ्या रक्तात ते चढत चढत गेलं. दिव्याच्या रात्रीही चढत होतं, आणि जिथे दिवा लावला, नेमकं तिथे ते धाडकन खाली आलं. दिवा काढला, पुन्हा चढलं. मला दिवा कळला नाही, माझ्या रक्ताला कळला. मी विचारलं, कुणी सांगितलं त्याला? तर म्हणाल्या, तुमच्या डोळ्यांनी. बघण्याच्या पेशी वेगळ्या आणि दिवस-रात्र ओळखणाऱ्या पेशी वेगळ्या. तुमच्या पहिल्या कधीच नव्हत्या, दुसऱ्या ठणठणीत आहेत.

टाचणे, मी तिथेच रडायला लागले. तुला माहीत आहे, मी रडत नाही, मी भांडते. पण एक्केचाळीस वर्षं मी या दोघांना बिनकामाचे, खायला काळ आणि भुईला भार म्हणत आले, आणि हे दोघं बिचारे रोज सकाळी मुकाट्यानं उठून कामाला जात होते. कुणी त्यांना कधी शाबास म्हटलं नाही. सूर्य उगवला की आत वर्दी द्यायची, मावळला की वर्दी द्यायची, एक दिवस खाडा नाही. जो प्रकाश मी जन्मात बघितला नाही, तो माझ्या आत एक्केचाळीस वर्षं रोज येऊन जात होता. अजूनही हे लिहिताना अंगावर काटा येतो. हल्ली मी सकाळी गॅलरीत उभी राहते, तोंड वर करून, मुद्दाम डोळे उघडे ठेवून. दिसत काहीच नाही. तरी उभी राहते.

आणि मग मला तू आठवलीस. खरं तर डॉक्टरीणबाईंनीच आठवण करून दिली, त्यांना न कळत. मी विचारलं होतं, आणि काढले असते तर? त्या म्हणाल्या, मग तुमच्या आतलं घड्याळ बंद पडलं नसतं, पण त्याला वेळ सांगणारं कुणी उरलं नसतं. आपल्या शरीराचा दिवस बरोब्बर चोवीस तासांचा नसतो, बहुतेकांचा थोडा जास्तच असतो. रोज सकाळचा उजेड त्याला कान धरून जागेवर आणतो. तो गेला की रोज वीस मिनिटं, अर्धा तास, झोप पुढे पुढे सरकत जाते. आज दहाला, उद्या साडेदहाला, सोळा दिवसांनी सकाळी सहाला. सरकत सरकत सगळा दिवस फिरून पुन्हा मूळ जागी. तेव्हा काही दिवस माणूस जगाबरोबर उठतो, जगाबरोबर झोपतो, घरचे म्हणतात सुधारला. मग पुन्हा सुटतो. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती, जी भोंगा वाजायच्या आधी उठून पडलेली असायची आणि हळूच म्हणायची, 'उजाडलं गं.' थंडीत खिडक्या लावलेल्या, बाहेर पाखरूसुद्धा नाही, आणि हिचं आपलं 'उजाडलं.' कसं कळतं विचारलं तर 'आतून कळतं' म्हणायची. आम्ही तुला खोटारडी म्हणायचो. आठवतं?

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यातल्या मागच्या खोलीत शिरले. आपली चूक-वही तिथे ठेवतात, सगळे खंड. पहिल्या वाचनात कुणाच्या हातून काय सुटलं, दुसऱ्या वाचनात कुणाला सापडलं, तारखेसकट. तुझ्या पहिल्या वाचनावर दुसरं वाचन माझं असायचं, म्हणजे तुझ्या सगळ्या चुकांच्या नोंदी माझ्याच हातच्या. तुझे डोळे काढले त्या ऑपरेशनच्या आधीचे खंड उघडले तर तुझ्या नावापुढे महिनेच्या महिने कोरे. तुझ्या बोटाखालून टिंब सुटणं म्हणजे मांजराच्या तावडीतून उंदीर सुटणं. ऑपरेशननंतर चार वर्षं होतीस तू छापखान्यात. त्या चार वर्षांचे खंड मी आठ दिवस वाचत होते, जेवणाच्या सुट्टीत, डाव्या हातात पोळी आणि उजव्या हातात तू. आणि तुला सांगते, चुका सगळीकडे सांडलेल्या नाहीत. त्यांचे पुंजके आहेत. दोन-अडीच आठवडे चुकाच चुका, मग एकही नाही, मग पुन्हा पुंजका. एका पुंजक्याच्या मधल्या दिवसापासून पुढच्याच्या मधल्या दिवसापर्यंत मी दिवस मोजले. अठ्ठेचाळीस. पुढचा, सत्तेचाळीस. पुढचा, अठ्ठेचाळीस. असे तीस पुंजके, टाचणे, चार वर्षांत तीस, एकदाही न चुकता.

आपल्याला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं? एखादं टिंब एकदा चेपलं तर ती वाचणाऱ्याची चूक. दर सोळाव्या पानाला तेच टिंब चेपलं जात असेल तर वाचणाऱ्याला बोल लावू नका, छापायच्या यंत्राचा रूळ तपासा. मी वीस वर्षं हे नव्या पोरींना शिकवतेय. आणि माझ्या हातानं टोचलेल्या तीस पुंजक्यांतून मला रूळ दिसला नाही, मला आळशी मैत्रीण दिसली. 'रात्री काय दिवे लावतेस की दिवसा पेंगतेस', असं मी तुला सगळ्यांदेखत म्हटलं होतं. तिसरीच्या गणिताच्या पुस्तकात नऊ साते छत्तीस छापून गेलं, तीनशे प्रती, ती आठवण तर नकोच. त्या दिवशी माझं दुसरं वाचन नव्हतं, मी तापानं घरी होते, म्हणून ते सुटलं. व्यवस्थापकांनी मला बोलावून विचारलं, हिला ठेवायचं का? मी 'ठेवा' म्हणाले असते तर त्यांनी ठेवलं असतं, माझा शब्द होता तिथे. मी म्हणाले, 'ती पूर्वीची राहिली नाही.' हे तुला आजवर कुणी सांगितलं नसेल. मी सांगतेय.

पण त्या खोलीत मला नुसतं वाईट वाटलं असं लिहिलं तर ते अर्धंच खरं. मी थक्क झाले. अकरा वर्षं तुझ्या आतलं ते घड्याळ कुणी न लावता, कुणी न विचारता चालतंय. जग त्याला शिव्या घालतंय, दादा-वहिनी दार वाजवताहेत, डॉक्टर लोक ताकदीची औषधं देताहेत, तू स्वतः त्याच्याशी झगडतेयस, आणि ते आपलं साडेचोवीस तास, साडेचोवीस तास. वेडं माणूस असं वागत नाही गं. आळशी तर नाहीच. आळशी माणूस कधीतरी चुकून वेळेवर येईल, तू अकरा वर्षांत एकदाही वेळापत्रक मोडलेलं नाहीस. फक्त ते वेळापत्रक आमच्यापैकी कुणाचं नव्हतं.

मग मी वहिनींना फोन केला. त्यांच्याकडूनच कळलं की तुझं नाव त्या लांबच्या निवारागृहात घातलंय, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून. आणि तू स्वतः म्हणालीस की 'मला पाठवा, मी वेडी होत चाललेय.' तिथे रात्री आठला सरसकट सगळ्यांना झोपेचं औषध देतात म्हणे. वहिनी वाईट नाहीत, रडत होत्या. थोडं रडायच्या, मग तक्रार, मग पुन्हा रडणं. 'पहाटे तीनला मोरीत बादली आपटते, आम्ही उठलो की ही ढाराढूर, आणि मध्येच पंधरा दिवस शहाण्यासारखी आमच्याबरोबर जेवते, शेंगा सोलते. म्हणजे मनात आणलं तर जमतं की हिला!' मी त्यांच्याशी वाद घातला नाही. फक्त म्हटलं, वहिनी, तीन आठवडे कॅलेंडरवर लिहून ठेवाल का, हिची खोली कधी शांत होते आणि बादली कधी वाजते? 'लिहिते की,' म्हणाल्या, 'तुम्हालाही कळू दे मी काय सोसते ते.' आणि काय लिहिलंय त्या बाईनं! मिनिटासकट. त्रासलेल्या वहिनीइतकी चोख नोंद कुठल्या प्रयोगशाळेत होत नसेल. डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं तर त्या हसता हसता थांबल्या आणि म्हणाल्या, यांना माझ्याकडे कामाला पाठवता का?

रोज अर्धा तास पुढे, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवसांत पूर्ण फेरी. चूक-वहीतलाच अर्धा तास, सात वर्षांनंतरही तोच. आज तू दोनला झोपलीस, हे मी त्या कॅलेंडरवरूनच सांगितलं. सोळा तारखेला तू रात्री साडेआठला झोपशील. एकोणीसला दहाला. एकोणीस तारखेला, टाचणे, तू रात्री दहाला आपसूक झोपशील आणि सकाळी सहाला सगळ्या जगाबरोबर उठशील, आणि वहिनी म्हणतील सुधारली. वीसला साडेदहा. मग पुन्हा सुटशील.

सुटू द्यायचं नाही, एवढंच करायचंय. डॉक्टरीणबाई देतात ती गोळी चिमूटभर असते. ते तेच द्रव्य आहे, जे शरीर अंधारात तयार करतं. डोळे जो निरोप पाठवत होते तो आता रोज संध्याकाळी ठरल्या वेळेला तोंडावाटे पाठवायचा. ही गुंगीची गोळी नव्हे, ती झोपवत नाही, ती आतल्या घड्याळाला वेळ सांगते. पण वेळ साधावी लागते. झोप भलतीकडे असताना सुरू केली तर घड्याळ ऐकेलच असं नाही, उलट्या बाजूलाही ओढलं जाईल. झोप आपणहून जागेवर येत असेल तेव्हाच तिथे तिला धरायची. आपण दोरीच्या उड्या कशा मारायचो? दोघी दोरी फिरवणार, आपण बाहेर उभं राहून आवाज ऐकायचा, दोरी जमिनीला लागून सट्ट वाजली की आत शिरायचं. आधी शिरलं तर पायात, नंतर शिरलं तर कानफटात. तू कधी चुकली नाहीस, मी गुडघे फोडून घ्यायचे. या वेळी दोरी एकोणीसला वाजणार आहे. ती चुकली तर पुढची खेप अठ्ठेचाळीस दिवसांनी, आणि तोवर तू त्या निवारागृहात रात्री आठच्या औषधाच्या रांगेत असशील.

मी तुला फसवणार नाही. जादू नाही ही. सगळ्यांना लागू पडतेच असं नाही, आणि लागू पडली तरी नीट बसायला दोन-तीन महिने जातात, रक्त पुन्हा पुन्हा तपासतात, आणि गोळी मग कायमची, एक संध्याकाळ चुकवायची नाही. पण डॉक्टरीणबाईंकडे मला एक मालिशवाले भेटले, दोन्ही डोळे लहानपणी अपघातात गेलेले. पन्नास वर्षांचे आहेत. आठ महिने गोळी घेताहेत. मी विचारलं, फरक काय पडला? तर म्हणाले, 'बाई, मी बायकोबरोबर नाश्ता करतो.' मी म्हटलं, बस, एवढंच? ते म्हणाले, 'रोज करतो.' 

माझा डोळा मी काढला नाही. थेंब दिलेत, दुखणं निम्म्यावर आलंय, उरलेलं दुखू दे. आता जे लिहायचंय त्यासाठीच ही उशी भरली, आणि कालपासून तीनदा कागद बदलला. तू आजवर सगळ्यांना सांगत आलीस की डॉक्टर म्हणाले काढावेच लागतील, म्हणून काढले. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तू माझा हात धरून म्हणालीस, 'राहू देत का गं? माझे आहेत. जा ना, डॉक्टरांना विचारून ये, नुसत्या औषधावर भागेल का.' मी काठी घेऊन बाहेर गेले. बाहेरच्या वऱ्हांड्यात एक बाक होता, त्यावर बसले. कुणालाच विचारलं नाही. आतमध्ये दुसरी बाई कण्हत होती, मला भूक लागली होती, मोठ्या मुश्किलीनं मिळालेली तारीख होती, आणि मला खात्री होती की बंद पडलेलं घड्याळ भिंतीवर ठेवण्यात काही अर्थ नसतो. दहा मिनिटांनी आत आले आणि म्हणाले, 'विचारलं. काढावेच लागतील म्हणतात.' तू 'बरं' म्हणालीस. अकरा वर्षं ते 'बरं' मी उशाशी घेऊन झोपतेय, आणि छान झोपतेय, कारण माझे डोळे जागेवर आहेत. खरंच विचारलं असतं तर डॉक्टर काय म्हणाले असते, कुणास ठाऊक. तुझे डोळे माझ्यासारखेच जागे होते का, हेही आता कुणी तपासू शकणार नाही. पण रोज पहाटे 'उजाडलं' म्हणणाऱ्या मुलीचे डोळे झोपलेले असतील, असं मला वाटत नाही. या वेळी मी बाकावर बसले नाही. आत गेले, तुझं नाव सांगितलं, चूक-वही आणि वहिनींचं कॅलेंडर पुढे ठेवलं आणि खरंच विचारलं. त्या म्हणाल्या, 'घेऊन या.' सोळा तारखेला सकाळी दहाची वेळ घेतलीय. दादांशी बोलले, ते पंधराला तुला माझ्याकडे सोडतील. तुझ्या 'हो'साठी थांबलेत, आणि निवारागृहाला त्यांनी महिनाभर थांबायला सांगितलंय. दुसरी खाट मी आणून टाकलीय, आपल्या वसतिगृहात होती तेवढंच अंतर ठेवून, हात लांबवला की पोचतो. मला माफ करायचं की नाही ते आत्ता ठरवू नकोस, झोपमोड झालेल्या माणसानं असले निर्णय घेऊ नयेत. सलग चाळीस सकाळी नीट उठ आणि मग ठरव. नाही म्हणालीस तरी गोळीची वेळ मी चुकू देणार नाही. फक्त पंधराला ये. वीस तारखेला पहाटे पाचला मी जागी होईन, पण वाजणार नाही. तशीच पडून राहीन, तू सांगेपर्यंत, की उजाडलं.

वाट पाहणारा, आणि आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसलेला,
तुझाच
भोंगा